तिसरं गाणं

मंदा माझ्याहून दिसायला उजवी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नाक बसकं, दात पुढे, आणि केस म्हणाल तर माझ्या निम्मेसुद्धा नाहीत. गळासुद्धा माझाच चांगला, असं आमची अख्खी आळी म्हणायची. ती माझी मावसबहीण, माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान. मावशी अकोल्याला दिलेली, तिचा नवरा कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मुकादम. आम्ही अमरावतीला, बडनेऱ्याच्या रस्त्यावर आमच्या मळ्यात. परवा हे लिहिलेलं सूनबाईनं वाचलं आणि म्हणाली, "आई, दातांचं कशाला लिहिता?" मी म्हटलं, दात पुढे होते तर काय मागे लिहू? या वयात खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला. माझ्या मनात त्या पोरीबद्दल जे होतं ते होतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं काही तुम्हाला कळणार नाही.

आमचा मळा फुलांचा आणि भाजीचा. पुढे शेवंती आणि झेंडू, मागे विहिरीला लागून वांगी, मेथी, सांबार. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. पुण्याची सून घरात आल्यापासून हे वेगळं सांगावं लागतं. सकाळी बाबा फुलांच्या टोपल्या सायकलला लावून बाजारात जायचे आणि दुपारभर घरातल्या बाया ओसरीत बसून हार करायच्या. माय, माझी काकू, आत्या आणि मी. केळीच्या सोपटाचा दोरा पाण्यात भिजत घातलेला, मांडीवर ओलं फडकं, पुढ्यात फुलांचा ढीग. बोटं हिरवी व्हायची आणि जेवताना भाकरीला शेवंतीचा कडू वास यायचा. विहिरीवर इंजिन आलं होतं, ते दिवसभर फटफट करायचं, म्हणून आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलत. इंजिन बंद असलं तरी ओरडून बोलत. माय जेवायला हाक मारायची ती तीन शेतं पलीकडे ऐकू जायची. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी नाहीतर अंबाडीची भाजी, वर मिरचीचा ठेचा आणि कच्चं तेल. रिकामा हात आमच्या घरात कोणाला बघवत नसे. पण तोंड मोकळं असायचं, आणि माझं तोंड सगळ्यात मोकळं.

गाणी मी तिथंच जुळवायला लागले. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी तिचा भुलोजी, आणि आळीतल्या पोरी घरोघर जाऊन त्यांच्यापुढे गाणी म्हणतात. गाणी झाली की त्या घरची खिरापत डब्यात बंद करून हलवतात, आणि आवाजावरून आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. जुनी गाणी सगळ्यांनाच यायची. मला त्यांचा कंटाळा आला की मी नवं जुळवायची. काकूच्या सासूवर, शाळेच्या बाईंवर, दूधवाल्याच्या म्हशीवर. "सासू गेली बडनेऱ्याले, किल्ली ठेवली कमरेले, तूप राह्यलं शिक्यावर, मांजराचा डोळा त्याच्यावर," असलं काहीतरी. पोरी हसून लोळायच्या आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या आळीत तेच म्हटलं जायचं. आता भुलाबाईच्या गाण्याला धनी नसतो. कोणीही ओळ घालावी, कोणीही काढावी, तीच तिथली रीत. मला मात्र मी घातलेली एकएक ओळ पाठ होती आणि दुसरीनं ती म्हटली की मी लगेच म्हणायची, "थे माही हाय." मंदा दसऱ्याच्या सुट्टीत आमच्याकडे यायची. ती माझ्या मागून म्हणायची, टाळ्या वाजवायची आणि खिरापत मात्र माझ्याआधी ओळखायची. पण जुळवायचं म्हणाल तर तिनं जन्मात एक ओळ जुळवली नव्हती. हे मी घरात चारचौघांत कितीदा तरी म्हटलं होतं, आणि तेच पुढे माझ्या गळ्याशी आलं.

मॅट्रिक दोघी झालो. तिला मार्क माझ्यापेक्षा कमी. तरी ती अकोल्याच्या कॉलेजात गेली आणि मी ओसरीत, फुलांच्या ढिगापुढे. बाबा वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच, की घरात हात कमी आहेत आणि पोरीचं लगन दोन वर्षांत करायचंच आहे, मग कॉलेज कशाला. मी आठवडाभर रडले, मग रडायचा कंटाळा आला म्हणून थांबले. मंदाची कार्डं यायची. कॉलेजात असं आहे, लायब्ररीत तसं आहे. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. माय विचारायची, "लिवलं का वं मंदीले?" मी म्हणायची, लिहिलं.

त्या हिवाळ्यात मावशी आमच्याकडे आली. हातपाय धुऊन चहाला बसली आणि कप बशीत उपडा व्हायच्या आत बोलायला लागली. "काय सांगू बाप्पा तुमाले! आमची मंदी आता स्टेजवर गाते. कॉलेजातले चार पोट्टे अन् हे एक पोट्टी. एकाच्या गळ्यात गिटार, एक बाजाची पेटी छातीवर घेऊन वाजोते, दोघं ढोलक्या कुटतात. त्याईनं नाव ठेवलं, सळसळ!"

"सळसळ? साप हाय का?" काकू म्हणाली.

"मी बी हेच म्हनलं! पन लोक लय येऊन राहिले. मूर्तिजापूरले बोलावलं, वाशीमले बोलावलं. अन् सिनेमाचं गानं एक नाही बरं. सारे घरचे. सोताच करतात अन् सोताच म्हनतात. आपल्या बोलीतले. लोक म्हनतात, असं कदी आयकलंच नाही."

माझ्या हातातला हार तिथंच थांबला. घरची गाणी, आपल्या बोलीतली, आणि मंदा म्हणते. मंदाला कुठली आली घरची गाणी? तिला माहीत होती ती माझी! पोटात असं काही दुखायला लागलं की मी उठून विहिरीवर गेले आणि उगीच पाणी शेंदत बसले. मी इथं बोटं हिरवी करते आणि ती तिकडे माझ्या ओळींवर टाळ्या घेते. रागानं रडू येतं तसं मला आलं. पण खरं सांगू? त्या रागाच्या तळाशी मला थोडं बरंही वाटत होतं. माझी गाणी चोरण्यासारखी आहेत, हे तरी ठरलं होतं.

मावशी गेल्यावर मी बाबांपुढे उभी राहिले. ते जेवून सुपारी कातरत होते.

"बाबा, मंदी म्हनते थे गाने माहे हायेत. मले अकोल्याले जाऊ द्या. मी बी गाईन त्यायच्यात. कॉलेज बी करीन."

"तुहे हायेत हे कायवरून समजाव?"

"तिले जुळवता येते का? मायले विचारा."

माय चुलीजवळून ओरडली, "थे खरं हाय! जुळवाची त इंदीच."

बाबांनी सुपारी तोंडात टाकली. त्यांचा स्वभाव असा की बाजारात पण एकदा बोललेला भाव ते मागे घेत नसत. म्हणाले, "पाहू मंग. पुढच्या आयतवारी त्यायचा खेळ हाय म्हने अकोल्याले. मुकादमानं हार मांगतले हायेत माह्यापाशी. आपन दोघं जाऊ. गाने तुहे असतीन, त तू राह्यजो मावशीपाशी, कॉलेज कर, गानं कर, मी आडवा येत नाही. नसतीन, त तिवस्याचं स्थळ आलं हाय, त्याले हो म्हनजो. मंग रडाचं नाही."

"कबूल," मी म्हटलं. मला वाटलं, मी जिंकलेच.

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. बडनेऱ्याहून पॅसेंजर. बाबांच्या पायाशी हारांची टोपली, वर ओलं पोतं. ते हार मीच केले होते आणि एवढे घट्ट ओवले होते की बाबा म्हणाले, "अवं, हार हाय, दावं नाही." गाडीत मी मनात माझी गाणी मोजत होते. कोणतं आधी म्हणतील, कोणत्याची चाल बदलली असेल. आणि गाणं सुरू झालं की मी बाबांचा दंड धरून कसं म्हणेन, हे बघा, हे माझं. मूर्तिजापूरला बाबांनी आलूबोंडे घेतले. माझा मी हातातच धरून बसले.

मावशीच्या घरी पोचलो तर मंदा घरात नव्हती. तालमीला गेली होती. जिनाजवळचं घर, दोन खोल्या, अंगणात कापसाचे पुंजके उडून आलेले. मावशीनं झुणका आणि कढी केली होती. जेवण होत आलं तेव्हा मंदा आली. तिनं केसांची एकच वेणी घातली होती, हातात वह्या, बोलताना हात फार हलवायची, ते कॉलेजात शिकली असावी. "इंदे!" म्हणून तिनं मला मिठीच मारली. माझे हात दोन्ही बाजूंना तसेच.

"कोनते गाने म्हनता वं तुमी?" मी विचारलं.

"उद्या आयकशीनच ना."

"सांग त खरी."

"नाही सांगत जा!" ती हसली आणि माझ्या ताटातला झुणका उचलून तोंडात टाकला. मी मनात म्हटलं, चोराच्या तोंडून कबुली कशी निघेल. सकाळी मी उठायच्या आत ती निघूनही गेली होती.

खेळ होता सिनेमाच्या थेटरात, सकाळी नऊला. दुपारपासून पडद्यावर सिनेमा लागायचा, म्हणून सकाळचं थेटर अशा मंडळींना मिळायचं. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. बाबा, मावशी, मुकादम काका आणि मी. टोपली बाबांच्या मांडीवर. थेटर एवढं भरलेलं की पोट्टे पायऱ्यांवर बसले होते. जिनातल्या मजूर बायासुद्धा आल्या होत्या, लुगड्याला कापूस लागलेला. पडद्यापुढे एक खुर्ची, एक माईक आणि दोन भोंगे. मग ते पाच जण आले. गिटारवाला अरुण, मंदाच्याच वर्गातला, काडीसारखा पोरगा, कपाळावर केस. त्यानं गिटारीवर हात मारला आणि भोंगा एवढ्यानं किंचाळला की मावशीनं कानावर पदर दाबला. लोक हसले. अरुणही हसला आणि म्हणाला, "हे गानं नव्हतं. गानं आता हाय."

मला त्या गाण्यांबद्दल सांगायचं नाही, पण सांगावं लागेल. पहिलं होतं अंबाडीच्या भाजीवर. होस्टेलातला पोरगा मायच्या हातची भाजी आठवतो, असं काही. लोक हसता हसता मधेच गप्प झाले. दुसरं सायकलीच्या पंक्चरवर. त्या गिटारीचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती मधेच सायकलीची घंटी वाजवायची, मधेच रुसायची. ढोलकी खालून उचलून धरायची. आणि मंदा! पाय जमिनीवर आपटत, ओढणी कमरेला खोचून, समोरच्या बायांकडे बघून गात होती, भुलाबाईपुढे उभी असावी इतकी सहज. गळा तिचा माझ्याहून बारीक. तो बारीकपणाच तिथं शोभत होता. मी प्रत्येक ओळीला कान लावून होते. आता माझी येईल. आता येईल. एकसुद्धा येईना. बाबा दर गाण्याला माझ्याकडे मान वळवून बघत आणि मी मान हलवून नाही म्हणत होते. माझं काही चोरलंच नव्हतं! तिला माझ्यातलं काही घ्यावंसं वाटलंच नव्हतं. या विचारानं मला जे झालं त्याला मत्सर म्हणणंसुद्धा कमी आहे. तिनं चोरलं असतं तर मी तिला माफ केलं असतं.

मग तिसरं गाणं आलं. अरुणनं गिटारीवर रेल्वे आणली. हळूहळू, लांबून, रूळ वाजतात तशी. आणि मंदा एकटी म्हणाली,

"फाटक लागलं, फाटक लागलं, गाडी काही येईना,
इकडे मी अन् तिकडे बी मी, मधून रस्ता होईना."

 एका पोरीचं गाणं होतं, रेल्वेच्या फाटकापाशी थांबलेल्या. या बाजूला ती, त्या बाजूला तीच, आणि गाडी ना येते ना जाते. पहिलं कडवं संपेपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते माझंच होतं ना! ओसरीतली मी आणि कॉलेजात जाऊ न शकलेली मी. मी ते केलं नव्हतं, एवढंच. आणि जिला जन्मात कधी फाटकापाशी थांबावं लागलं नाही, तिला ते सुचलं होतं. कशी सुचली असेल तिला ती ओळ? कुठं बसून? तिनं माझ्याकडे बघून केली असेल का?

दुसरं कडवं सुरू झालं तोच बाबांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "इंदे, रडून काहून राहिली? हे तुहं काय?"

मी म्हणाले, "हो."

विचार करून म्हणाले असं नाही. तोंडातून गेलं. आणि गेल्यावर माझ्या कानात असा काही घणघणाट सुरू झाला की मंदा पुढे काय म्हणाली ते मला ऐकूच आलं नाही. तिचे ओठ हलताना दिसत होते, बाया पदरानं डोळे पुसताना दिसत होत्या. मी फक्त बाबांकडे बघत होते. त्यांचा चेहरा जसा फुलला होता, तसा मी तो नंतर माझ्या लग्नातसुद्धा पाहिला नाही.

गाणं संपलं. टाळ्या, शिट्ट्या, वन्स मोअरचा कालवा. बाबांनी टोपलीतला सगळ्यात मोठा शेवंतीचा हार उचलला आणि चालायला लागले. मला वाटलं, मंदाला घालतील. आमच्या बाबांना सभेची भीती कधी नव्हती. आयुष्यभर पुढाऱ्यांना आणि नवरदेवांना हार पुरवलेला माणूस, स्टेज म्हणजे त्यांना आपलीच ओसरी. चढले वर आणि माईकपुढे उभे राहून ओरडले. इंजिनावर ओरडायची सवय, भोंग्याची काही गरजच नव्हती.

"बसा, बसा! एक मिनिट बसा! हे गानं कोनं केलं मालूम हाय काय तुमाले? माह्या पोरीनं! इंदूनं! आमी अमरावतीचे. तिकडे बसली हाय पाहा, तिसऱ्या लायनीत!"

सगळ्या माना वळल्या. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटलं. अरुण गोंधळून पुढे आला. "अहो काका, हे त मंदानं..." एवढं त्याच्या तोंडून निघालं आणि मंदानं माईकवर हात ठेवला. ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. भुलाबाईपुढे मी गाण्यात चुकले की ती माझ्याकडे बघायची, तसं. मग तिनं हात काढला आणि म्हणाली,

"हो. इंदूचंच हाय."

थेटर टाळ्यांनी भरून गेलं. बाबा खाली उतरले आणि तो हार त्यांनी माझ्या गळ्यात घातला. मीच ओवलेला. मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, मागची एक बाई माझी अलाबला काढत होती. त्या गडबडीत वन्स मोअर राहूनच गेला आणि पुढचं गाणं सुरू झालं.

खेळ सुटल्यावर मी पडद्यामागे गेले. ते पाच जण एका सतरंजीवर बसून चिवडा खात होते, हसत होते, एकमेकांच्या हातातून ओढून घेत होते. मला बघून अरुण गिटारीच्या तारा पिळायला लागला. मंदा उठून बाजूला आली, हातातला चिवडा तसाच.

"काहून म्हनलं तसं?" मी विचारलं. आभार मानायला गेले होते आणि आवाज भांडणाचा निघाला.

"मंग काय करू? साऱ्या थेटरात काकाले खोटं पाडू?"

"पन गानं त तुहं हाय."

"अवं, तुले पायजे होतं ना? घे मंग." तिनं चिवडा तोंडात टाकला. "आमी अजून करू. त्यात काय हाय."

आमी अजून करू! मला ते आजही ऐकू येतं. माझ्याकडे एक नव्हतं आणि ती मला आपलं देऊन वर म्हणते, अजून करू. आणि तिच्या 'आमी'त पाच जण होते.

"अन् तू ये ना आता," ती म्हणाली. "काका सोडतो म्हने. माय सांगत होती. ये, माह्यापाशी राह्य. दोघी मिळून करू. तू जुळवत होतीस तवाच मले वाटे, हे आपल्याले बी जमलं पायजे. लय दिवस लागले."

मी म्हटलं, "पाहू." तिच्या पुढच्या दातांत शेंगदाण्याचं साल अडकलं होतं. मी त्याच्याकडेच बघत राहिले, कारण तिच्या डोळ्यांकडे बघायची माझ्यात ताकद नव्हती.

परतीच्या गाडीत बाबांनी डब्यातल्या सगळ्यांना सांगितलं. कोण नांदगाव खंडेश्वरचा शिक्षक होता, कोण दोघी म्हाताऱ्या होत्या. "म्हन वं इंदे, याईले आयकव." मी म्हटलं, घसा बसला. बाबा स्वतःच गुणगुणायला लागले. पहिल्या दोन ओळी, पुन्हा पहिल्या दोन. मग मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाले, "मी शब्दाचा पक्का हाय. सोमवारी तुही ट्रंक भरू. कॉलेजातल्या साहेबाले मुकादम भेटनार हाय."

"मले नाही जायचं," मी म्हटलं.

"आं?"

"अकोल्याले नाही जायचं मले."

"अवं, कालपर्यंत त तू..."

"नाही म्हनलं ना!" मी ओरडले. म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं. बाबांनी रिकामी टोपली पायाशी नीट सरकवली आणि बाहेर बघायला लागले. काय सांगणार होते मी त्यांना? तिथं गेले तर रोज मंदाच्या शेजारी बसावं लागेल, रोज ती अजून एक करेल, आणि ते चौघे पोट्टे माझ्याकडे बघतील की ही काय करते बघू. वर त्या गाण्याचा हार गळ्यात. मला त्यांच्यात जायचं होतं हे खरं, जिवापाड जायचं होतं. पण तिनं दिलेल्या गाण्यावर पाय ठेवून जायचं नव्हतं, आणि माझ्या स्वतःच्या पायावर जायचं त्या एका 'हो'नं मी बंद करून टाकलं होतं. त्या उन्हाळ्यात तिवस्याला माझं लगन झालं. माणूस चांगला मिळाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाबा शेवटपर्यंत गिऱ्हाइकाला हार बांधून देताना सांगायचे, माह्या पोरीचं गानं अख्ख्या अकोल्यात गाजलं. मी त्यांना शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.

सळसळ दोन वर्षं चालली. मग एकाला नोकरी लागली, एक नागपूरला गेला, अरुणनं किराणा दुकान टाकलं. रेकॉर्ड वगैरे कोणी काढली नाही. मंदा शाळेत मास्तरीण झाली. लग्नाकार्यात आम्ही भेटायचो, आणि कोणी म्हटलं की मंदाताई ते फाटकाचं म्हणा, की ती हात वर करायची. "थे इंदूचं हाय बाप्पा. तिले म्हना." आणि मी म्हणायची, छे, आता कुठं आठवतं. चाळीस वर्षं हे असंच. कधी मला वाटायचं किती मनाची मोठी आहे ही. कधी वाटायचं, सूड घेते आहे माझ्यावर, गोड बोलून, दर लग्नात एक एक टाका घालते आहे. खरं काय ते मी तिला कधी विचारलं नाही, आणि ती गेल्या पावसाळ्यात गेली. तिच्या दहाव्याला मी गेले होते. रडले पण. पण तिच्या शाळेतल्या पोरी रांगेनं येऊन रडत होत्या ते बघून त्या दिवशीसुद्धा माझ्या पोटात दुखलं, आता लपवून काय करायचं.

महिन्याभरानं तिच्या मुलीचा फोन आला. ती पुण्याला असते. म्हणाली, "मावशी, आईच्या आवाजाचं आमच्याकडे काहीच नाही हो. म्हणून आम्ही तिची गाणी आठवतील तशी लिहून काढतोय. अरुणकाकांना विचारलं, त्यांना चाली आठवतात, शब्द नाही. ते फाटकाचं आहे ना तुमचं, त्याचं पहिलं कडवं मला येतं. दुसरं सांगाल का? आईला किती वेळा विचारलं मी. ती म्हणायची, ते इंदूचं आहे, तिलाच विचार, ती सांगेल."

 आतून सूनबाईनं विचारलं, कोण आहे. मी तिला हातानं थांब म्हटलं.

"मावशी? ऐकू येतंय ना?"

"हो गं," मी म्हटलं. "थांब थोडे दिवस. आठवून सांगते."

चार महिने झाले. जे कडवं त्या दिवशी थेटरात मला ऐकूच आलं नाही, ते आठवणार कुठून? तिचा अजून दोनदा फोन येऊन गेला.